ब्लूटूथ मेशचा पल्ला जिन्यात मोजावा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

पुण्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांच्या विषयपत्रिकेवर हल्ली एक नवा विषय दिसू लागला आहे. गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी, पार्किंगमधले आणि जिन्यातले दिवे, पंपाची स्थिती, काही ठिकाणी घरोघरचे पाण्याचे मीटर हे सगळे तारा न ओढता एकमेकांशी जोडायचे आणि त्याची माहिती फाटकावरच्या पडद्यावर व सभासदांच्या मोबाइलवर दाखवायची, असे ते प्रस्ताव असतात. त्यांतले बरेचसे 'ब्लूटूथ मेश' या, उपकरणांनीच एकमेकांचे निरोप पुढे पाठवण्याच्या तंत्रावर उभे असतात. आमच्या संस्थेकडे आलेल्या तीन माहितीपत्रकांत दोन विधाने जवळपास त्याच शब्दांत होती : उपकरणाचा पल्ला १०० मीटर आहे आणि मेशमुळे पल्ल्याला मर्यादाच राहत नाही. ही विधाने कोणत्या परिस्थितीत खरी ठरतात आणि कोणत्या परिस्थितीत नाही, हे न विचारताच आम्ही ठराव मंजूर केला. त्याची झळ आम्हाला बसली. इतर संस्थांना ती बसू नये म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र लिहीत आहे.

आमची संस्था कोथरूडमध्ये आहे. दोन इमारती, प्रत्येकी सात मजले, खाली पार्किंग, गच्चीवर आरसीसीच्या टाक्या आणि फाटकापाशी सुरक्षारक्षकांची चौकी. प्रत्येक टाकीच्या झाकणाखाली पाण्याची पातळी मोजणारा, बॅटरीवर चालणारा सेन्सर बसवला गेला आणि त्याचा निरोप खाली चौकीपर्यंत पोहोचवण्याचे काम जिन्यातल्या नव्या एलईडी दिव्यांकडे सोपवले गेले. प्रत्येक दिव्यात ब्लूटूथचा एक छोटा रेडिओ होता. वरच्या दिव्याने ऐकायचे, खालच्या दिव्याला सांगायचे, असे करत करत निरोप तळमजल्यावर यायचा, अशी ती योजना होती. कल्पना सुरेख होती आणि आजही मला ती सुरेखच वाटते.

एप्रिलमध्ये, टँकर मागवण्याचे दिवस सुरू झाले असताना, एके सकाळी सातच्या सुमारास सुरक्षारक्षकांनी पडद्यावर ३८ टक्के हा आकडा पाहून पंप सुरू केला. अर्ध्या तासाने पाहिले तरी ३८, पाऊण तासाने पाहिले तरी ३८. पाणी चढायला आज वेळ लागतो आहे असे समजून त्यांनी पंप चालूच ठेवला. सातव्या मजल्यावरच्या आजींनी गच्चीवरून पाणी कोसळल्याचा आवाज ऐकून इंटरकॉमवर कळवले, तोवर टाकी भरून वाहू लागल्याला बराच वेळ झाला होता आणि आदल्या रात्री विकत घेतलेल्या टँकरचे पाणी पावसाळी पाइपातून गटारात चालले होते.

पुरवठादाराची माणसे दोनदा आली, दोन्ही वेळा संध्याकाळी साडेसात-आठला. तेव्हा सगळे सुरळीत चालत होते. सेन्सर बदलून पाहिला, बॅटरी बदलून पाहिली, काही फरक नाही. दोष सापडला तो रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकांना. ते मला म्हणाले, "साहेब, जिन्यातले दिवे लागले की हे चालतं आणि सकाळी मी दिवे मालवले की आकडा तिथंच बसतो." सकाळी साडेसहाला पॅनेलवरचे बटण खाली करून जिन्याचे दिवे बंद करायचे हा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता होता आणि वीज वाचवणारा असल्यामुळे तो अगदी योग्यही होता. दिव्याचा पुरवठा बंद झाला की त्यातला रेडिओही बंद पडे, निरोप वाहून नेणारी साखळी तुटे आणि पडद्यावर शेवटचा आकडा तसाच गोठून राही. तो आकडा किती वाजताचा आहे हे दाखवण्याची सोय पडद्यावर नव्हती. मेशचा तथाकथित अमर्याद पल्ला आमच्याकडे एका बटणावर अवलंबून होता आणि हे ना विकणाऱ्याने सांगितले, ना घेणाऱ्यांनी विचारले.

मी आयुष्यभर कारखान्यांतल्या मोजमापाच्या उपकरणांचे काम केले आहे. त्यामुळे या प्रकारानंतर हा विषय मुळापासून समजून घेण्याचे मी ठरवले. जे समजले ते सामान्य सभासदाला कळेल अशा भाषेत मांडतो.

ब्लूटूथ मेशचे पहिले प्रमाणक ब्लूटूथ एसआयजी या संस्थेने जुलै २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचा पाया ब्लूटूथ लो एनर्जी हा, म्हणजे कमी विजेवर चालणारा रेडिओ. प्रत्येक उपकरणाला नोड म्हणतात. एखाद्या नोडने निरोप प्रसारित केला की आसपासचे जे नोड 'रिले' म्हणून नेमलेले असतात, ते तो ऐकतात आणि पुन्हा प्रसारित करतात. गावात दवंडी जशी एका आळीतून दुसऱ्या आळीत जाते तसाच हा प्रकार आहे. निरोपाला ठरलेला एक रस्ता नसतो. तीच दवंडी फिरून फिरून येत राहू नये म्हणून प्रत्येक रिले अलीकडे ऐकलेले निरोप लक्षात ठेवतो, आणि निरोपावरही एक आकडा लिहिलेला असतो जो प्रत्येक टप्प्यावर एकाने कमी होतो. हा आकडा जास्तीत जास्त १२७ असू शकतो, म्हणजे प्रमाणकानेच टप्प्यांना मर्यादा घातलेली आहे. आमच्याकडे तो ५ वर ठेवलेला होता. याचा अर्थ निरोपाला वाटेत फार तर चार रिले मिळणार. सात मजले आणि फाटकापर्यंतचे अंगण यांचा विचार तो आकडा ठेवताना केला गेला होता असे मला तरी दिसले नाही.

आता कमी विजेचा मुद्दा, कारण सारी मेख तिथेच आहे. रिलेला निरोप कधी येईल हे ठाऊक नसते, म्हणून त्याला अखंड कान लावून बसावे लागते. अशा रेडिओला ऐकत असताना साधारण ५ मिलीअँपिअर प्रवाह लागतो. सेन्सरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या, रुपयाच्या नाण्यासारख्या चपट्या सीआर २०३२ बॅटरीची क्षमता साधारण २२० मिलीअँपिअर-तास असते. भागाकार केला तर ४४ तास येतात, पुरते दोन दिवसही नाहीत. म्हणून बॅटरीवरचा सेन्सर रिलेचे काम करू शकत नाही आणि प्रमाणकाने त्याच्याकडून ती अपेक्षाही ठेवलेली नाही. तो 'लो पॉवर नोड' म्हणून बहुतेक वेळ झोपलेला असतो, मोजमाप घेण्यापुरता जागा होतो, निरोप सोडतो आणि पुन्हा झोपतो. त्याच्यासाठी आलेले निरोप शेजारचा एक नोड सांभाळून ठेवतो, त्याला 'फ्रेंड' म्हणतात. सेन्सर अधूनमधून जागा होऊन 'माझ्यासाठी काही आहे का' असे त्याला विचारतो. ही विचारणा प्रमाणकानुसार कमाल सुमारे ९६ तासांपर्यंत लांबवता येते. बॅटरी वर्ष-दोन वर्षे टिकते ती या झोपेमुळे. मात्र हा फ्रेंड नोड सेन्सरच्या थेट पल्ल्यात असावा लागतो, मध्ये दुसरा कोणी चालत नाही, आणि तो स्वतः सतत विजेवर असावा लागतो.

म्हणजे मेशमध्ये पन्नास सेन्सर आहेत म्हणून जाळे दाट आहे असे समजणे चूक आहे. जाळे विणले जाते ते फक्त कायम विजेवर असलेल्या रिलेंचे. बाकीचे त्या जाळ्याच्या कडेला लटकलेले असतात. प्रस्ताव वाचताना एकूण नोड किती हा आकडा बाजूला ठेवावा आणि दिवसाचे चोवीस तास विजेवर राहणारे रिले किती व नेमके कुठे, एवढे विचारावे. आमच्या प्रस्तावात पहिला आकडा ठळक अक्षरांत होता. दुसऱ्याचा उल्लेखच नव्हता.

राहिला १०० मीटरचा प्रश्न. हा आकडा खोटा नसतो. मोकळ्या मैदानात, दोन्ही उपकरणे माणसाच्या उंचीवर धरून, मध्ये काहीही नसताना तो सहज मिळतो. अशा रेडिओची प्रक्षेपणशक्ती बहुधा १ मिलीवॅट असते, तिला ० डीबीएम म्हणतात. समोरचा चांगला ग्राहक रेडिओ सुमारे उणे ९५ डीबीएमपर्यंतचा, म्हणजे त्या मिलीवॅटच्या ३०० कोटींव्या भागाइतका क्षीण संदेशही ऐकू शकतो. म्हणजे वाटेत ९५ डेसिबल गमावण्याची मुभा आपल्याला आहे (दर १० डेसिबल गेले की ताकद दहावा भाग उरते). यांतले ४० डेसिबल पहिल्या एका मीटरमध्येच जातात आणि पुढे अंतर दुप्पट झाले की दरवेळी ६ डेसिबल जातात. उरलेल्या ५५ डेसिबलमध्ये अंतर नऊ वेळा दुप्पट करता येते. मोकळ्या जागेत कागदावरचा पल्ला म्हणूनच ५०० मीटरच्या पुढे जातो. त्या मानाने १०० मीटर लिहिणारा कंपनीवाला संयमीच म्हणायला हवा.

पण आपण मैदानात राहत नाही. हाच हिशेब जिन्याबाहेर, मजल्यांच्या आरपार करून पाहा. लोखंडी सळ्यांच्या जाळीचा आरसीसी स्लॅब या लहरींचे १५ डेसिबल खातो असे धरले, तरी दोन स्लॅबचे ३० झाले. ५५ मधून २५ उरले. त्यांतले १५ डेसिबल गंगाजळी म्हणून बाजूला ठेवावेच लागतात, कारण माणसे, गाड्या, उघडी-मिटलेली दारे यांमुळे लहरींची ताकद सतत खालीवर होत असते. उरलेल्या १० डेसिबलमध्ये हिशेबाचा पल्ला येतो सुमारे ३ मीटर. दोन स्लॅब ओलांडायलाच त्याच्या दुपटीने अंतर लागते. एकच स्लॅब मध्ये असेल तर मात्र त्याच हिशेबात २५ डेसिबल उरतात आणि पल्ला १८ मीटरच्या आसपास मिळतो. यावरून जो नियम निघतो तो साधा आहे : एका टप्प्यात एकापेक्षा जास्त स्लॅब ओलांडण्याची अपेक्षा ठेवू नये, आणि शक्य असेल तिथे स्लॅब न ओलांडता जिन्याच्या मोकळ्या चौकातून लहरी खाली उतरवाव्यात.

भिंतींचेही तसेच आहे. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या भिंती जाड असल्या तरी त्यांत लोखंड नसते आणि मधला चौक मोकळा असतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या आमच्यासारख्या वस्त्यांमध्ये खांब-तुळयांच्या सांगाड्यात विटांची भिंत असते. वीट लहरींना बरीच वाट देते. पण हिंजवडी, वाकड, बाणेर या भागांत गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या अनेक उंच इमारतींत ॲल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या ओततात. बांधकामाच्या धंद्यात या पद्धतीला 'मिवान' म्हणतात. तिथे घराच्या आतली साधी भिंतही सळ्यांची जाळी पोटात घेऊन उभी असते. कोथरूडच्या विटांच्या इमारतीत चाललेली मांडणी तिथे तशीच्या तशी चालेल असे कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून ते आधी प्रत्यक्ष करून घ्यावे. लिफ्टचा पत्र्याचा पिंजरा, खिडक्यांना लावलेली स्टीलची मच्छरजाळी, पार्किंगमधल्या गाड्या या सगळ्या धातूच्या भिंतीच होत. पाणी या लहरी शोषून घेते, त्यामुळे भरलेल्या टाकीच्या पलीकडे बसवलेला रिले आणि माणसांनी भरलेली सभागृहाची खोली दोन्ही अडचणीचीच. पावसाला मात्र विनाकारण दोष दिला जातो. एवढ्या अंतरात पडता पाऊस या लहरींचे जवळपास काहीच बिघडवत नाही. बिघडवतात त्या भिजलेल्या भिंती, ओली झाडे आणि डब्यात शिरलेले पाणी.

अँटेनाच्या जागेबद्दल दोन गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या त्या सांगतो. आमच्या टाकीवरच्या सेन्सरचा रेडिओ ज्या डब्यात होता तो डबा बसवणाऱ्याने सोयीसाठी जीआय पाइपला क्लॅम्पने घट्ट बांधला होता. वरच्या मजल्याच्या जिन्यात मोबाइलवर त्याची ताकद पाहिली तर आकडा उणे ९१ च्या आसपास घुटमळत होता. तोच डबा पाइपापासून हातभर दूर, पीव्हीसी पाइपाच्या एका तुकड्यावर उभा केला आणि त्याच जागी मोबाइल धरला तर उणे ७८ दिसू लागले. १३ डेसिबलचा हा फरक म्हणजे पोहोचणाऱ्या शक्तीत सुमारे वीसपट फरक. ना रेडिओ बदलला, ना बॅटरी. अँटेनाला चिकटलेला धातू तेवढा दूर झाला. दुसरी गोष्ट पार्किंगमधली. एका खांबाशेजारी उभा राहून मी मोबाइल चार बोटे डावीकडे सरकवला आणि उणे ७४ चा आकडा उणे ९० वर गेला. पुन्हा चार बोटे सरकवला आणि तो वर आला. या लहरींची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते. थेट आलेली लहर आणि खांबावरून, गाडीवरून परतलेली लहर एकमेकींना कुठे बळ देतात तर कुठे मारतात, आणि या दोन जागांमधले अंतर चार बोटांइतकेच असू शकते. म्हणून एका जागी उभे राहून एकदा घेतलेला आकडा पल्ल्याचा पुरावा होऊ शकत नाही. वीतभर जागेत मोबाइल हळूहळू फिरवून वीसेक आकडे लिहून घ्यावेत आणि त्यांतला सर्वांत वाईट आकडा धरावा.

टप्पे वाढवले की पल्ला वाढतो हे खरे, पण फुकट वाढत नाही. एका टप्प्यावर १०० पैकी ९५ निरोप पोहोचत असतील आणि वाट एकच असेल, तर पाच टप्प्यांनंतर ७७ च उरतात. टप्प्यागणिक ९९ पोहोचत असतील तर पाच टप्प्यांनंतर ९५. म्हणजे प्रत्येक टप्पा काठावर नव्हे, भरपूर राखीव ठेवून आखावा लागतो, आणि निरोपाला किमान दोन वाटा उपलब्ध असाव्या लागतात. यावर 'मग रिलेच वाढवा' हा उपाय पटकन सुचतो आणि आम्हालाही तो सुचवला गेला. त्यातही धोका आहे. मेशचे निरोप २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ या तीनच वाहिन्यांवर प्रसारित होतात. ऐकणारा रेडिओ एका वेळी एकाच वाहिनीवर कान देऊ शकतो. आणि पोहोच मिळाल्याची पावती टप्प्याटप्प्यावर मागितली जात नाही. म्हणून प्रत्येक रिले तोच निरोप दोन-तीनदा उच्चारतो. एक निरोप हवेत सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागाएवढाच वेळ घेतो हे खरे, पण एका जिन्यात पंचवीस दिवे रिले केले की प्रत्येक निरोपाचे पन्नास ते पंच्याहत्तर पुनरुच्चार होतात आणि ते एकमेकांवर आदळू लागतात. आमच्या एका इमारतीत सगळे दिवे रिले होते. एकाआड एक मजल्यावरचे रिले बंद केल्यावर निरोप अधिक नियमित येऊ लागले. अर्थात हे जिन्याच्या चौकातून वरचा दिवा खालच्याला दिसत होता म्हणून जमले. स्लॅब मध्ये असता तर जमले नसते.

हवेतल्या गर्दीचेही भान ठेवावे लागते. वायफायच्या १, ६ आणि ११ या वाहिन्यांच्या फटींमध्ये बसतील अशाच बेताने ब्लूटूथच्या त्या तीन वाहिन्या निवडलेल्या आहेत. पण शेजाऱ्याचा राउटर ३ किंवा ४ नंबरच्या वाहिनीवर असेल, किंवा दुप्पट रुंदीवर चालत असेल, तर २४२६ मेगाहर्ट्झची वाहिनी त्याखाली दबते. पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. ती जागा निवडताना तिथला कमी रेडिओ गोंगाट हे एक महत्त्वाचे कारण होते. ती दुर्बीण वेगळ्या, खालच्या कंप्रतांवर काम करते, पण शांततेची किंमत दोन्हीकडे सारखीच आहे. माझ्या दिवाणखान्यात मोबाइल उघडला तर तीसेक वायफाय दिसतात. विक्रेत्याच्या कार्यालयात दाखवलेले प्रात्यक्षिक आणि रविवारी रात्री नऊ वाजता, सगळ्या घरांत क्रिकेटचा सामना मोबाइलवर चालू असताना मिळणारा पल्ला यांत म्हणूनच अंतर पडते.

आणखी एका विधानाबद्दल लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्याने आमच्या समितीतले अभियंतेही फसले. खोक्यावर 'ब्लूटूथ ५, चौपट पल्ला' असे लिहिलेले असते. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ब्लूटूथ ५ मध्ये लांब पल्ल्याची एक पद्धत खरोखरच आहे. तीत प्रत्येक बिट अनेक चिन्हांत पसरवून, वेग सेकंदाला १२५ किलोबिटपर्यंत उतरवून क्षीण संदेश वाचला जातो. पण एक तर ती पद्धत प्रत्येक ब्लूटूथ ५ उपकरणात असलीच पाहिजे असे बंधन नाही, आणि दुसरे म्हणजे ब्लूटूथ मेश ती वापरतच नाही. मेशचे निरोप सेकंदाला १ मेगाबिटच्या जुन्या साध्या पद्धतीनेच जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये मेशची १.१ ही आवृत्ती आली. तिने निरोप सगळीकडे न पसरवता ठरावीक वाटेने नेण्याची सोय दिली. ती चांगली सुधारणा आहे. पण तिनेही एका टप्प्याचा पल्ला वाढत नाही. चिप ब्लूटूथ ५ ची आहे म्हणून मेशचा पल्ला चौपट होईल, हे विधान कोणी केल्यास ते लेखी मागावे.

टाक्या आणि मीटर यांसाठी मेशच हवे का, हाही प्रश्न सभेत विचारला गेला पाहिजे. भारतात ब्लूटूथ ज्यात चालते त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याप्रमाणेच ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टाही २००५ पासून कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगची मान्यता लागते, ती दोन्ही पट्ट्यांत लागते. तिथे चालणाऱ्या लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी वेगाच्या पद्धतीचे रेडिओ उणे १३० डीबीएमच्याही खालचा संदेश ऐकतात. लहरींची लांबी ३५ सेंटिमीटरच्या आसपास असल्याने मोकळ्या जागेतही ९ डेसिबलचा फायदा मिळतो. त्यांचा वेग अतिशय कमी असतो, पण दर दहा मिनिटांनी टाकीचा एक आकडा पाठवायला वेग लागतोच कशाला? गच्चीवरून चौकीपर्यंत एकाच उडीत निरोप येत असेल तर मधले रिले, त्यांची वीज आणि ते बटण या साऱ्यांतून सुटका होते. उलट दिवे लावणे-मालवणे, माणूस जवळ आल्यावर उजेड वाढवणे अशा कामांसाठी ब्लूटूथ मेश फार चांगले, कारण तिथे नोड दाटीने असतात, सगळे विजेवर असतात आणि मोबाइलवरून थेट जोडता येतात. जिथे दिवे आधीच मेशवर आहेत, तिथे त्यांच्याच आधाराने दोन टाक्यांचे निरोप आणणे हा व्यवहारी निर्णय ठरू शकतो. आम्ही शेवटी तेच ठेवले.

ठेवताना बदल काय केले तेही सांगतो. रिलेचे काम करणाऱ्या दिव्यांना दिव्याच्या बटणापासून वेगळी, चोवीस तास चालू राहणारी जोडणी दिली; दिवा मालवला तरी त्यातला रेडिओ जागा राहतो. त्या जोडणीच्या एमसीबीवर मराठीत सूचना चिकटवली. टप्प्यांचा आकडा ५ वरून १० केला. दोन्ही गच्च्यांवरचे डबे पाइपापासून दूर नेले. चौकीतल्या पडद्यावर प्रत्येक आकड्याशेजारी तो किती वाजता आला हे दिसते आणि निरोप २० मिनिटांपेक्षा जुना झाला की आकडा जाऊन तिथे रेघ येते. पंप बंद करण्याचे काम मात्र आम्ही रेडिओकडून काढूनच घेतले. टाकीत तरंगता स्विच बसवून त्याची तार थेट पंपाच्या स्टार्टरपर्यंत आणली आहे. तारेला रेडिओसारखे पल्ल्याचे प्रश्न नसतात, आणि जिथे चूक झाली तर पाणी वाया जाणार आहे तिथे तार ओढण्याचा खर्च करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

या सगळ्यानंतर आम्ही एक चाचणी घेतली, जी खरे तर पैसे देण्याआधी घ्यायला हवी होती. प्रत्येक टाकीवरून १०० निरोप सोडायचे आणि चौकीत किती आले ते मोजायचे; सकाळी अकराला जिन्यातले दिवे बंद असताना एकदा आणि रात्री दहाला पार्किंग गाड्यांनी भरलेले असताना एकदा. मग प्रत्येक रिले आळीपाळीने बंद करून तेच पुन्हा. बंद केलेल्या कोणत्याही एका रिलेमुळे निरोप पूर्ण थांबत असतील तर तिथे दुसरी वाट नाही, हे त्याच क्षणी कळते. आमच्या 'ब' इमारतीत चौथ्या मजल्यावरचा रिले असा एकुलता एक निघाला. तिथे आणखी एक वाढवला. ही चाचणी दोन माणसांना एका दिवसात करता येते. प्रस्ताव मंजूर करताना 'आमच्या इमारतीत, दिवसा आणि रात्री, १०० पैकी किमान इतके निरोप' ही अट करारात घालावी आणि शेवटचा हप्ता त्या चाचणीनंतर द्यावा, अशी माझी सर्व संस्थांच्या समित्यांना विनंती आहे. प्रामाणिक पुरवठादाराला या अटीची अडचण वाटणार नाही. त्यालाही वारंवार माणूस पाठवण्याचा खर्च वाचेल.

पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालये पुष्कळ आहेत आणि इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार शाखेच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्पासाठी विषय लागतो. वाडा, विटांची इमारत, मिवानची इमारत आणि पत्र्याच्या शेडचा कारखाना अशा वेगवेगळ्या वास्तूंत एका टप्प्याचा खरा पल्ला किती मिळतो, स्लॅबमागे किती डेसिबल जातात, याची मोजमापे या मुलांनी घेतली आणि महाविद्यालयांनी ती सर्वांसाठी खुली केली, तर गृहनिर्माण संस्थांना माहितीपत्रकाशेजारी ठेवून पाहायला स्वतःच्या शहराचे आकडे मिळतील. संस्थांनी अशा विद्यार्थ्यांना गच्चीची किल्ली आणि एक दिवसाची परवानगी द्यावी. आमच्या दोन्ही इमारतींतल्या मजलावार नोंदींची वही, चाचणीच्या तारखा आणि वेळांसह, संस्थेच्या कार्यालयात ठेवलेली आहे. मोजमापाला येणाऱ्या विद्यार्थ्यांना ती पाहता येईल आणि गच्चीवर त्यांच्यासोबत मी स्वतः येईन.

आपला विश्वासू,

एका गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापन समितीचा सदस्य,
कोथरूड, पुणे